अँथनी कंट्रोलरचा ओटला

भुईगावात अँथनी तुस्कानोंना सगळे 'कंट्रोलर' म्हणतात आणि त्यांना ते मनापासून आवडतं. एस.टी.त ते वाहतूक नियंत्रक होते. वसईच्या स्थानकात जाळीच्या खिडकीमागं बसायचं आणि कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली आहे ते सांगायचं, यात त्यांची हयात गेली. ते निवृत्त झाले, पण आवाज काही निवृत्त झाला नाही. घरात चहा मागायचा तरी तो सगळ्या गल्लीला कळतो.

"चहा निघाला का?"

"अर्नाळ्याहून सुटलाय," आतून त्यांच्या पत्नी प्रिसिलाबाई सांगतात. "वाटेत टायर बसलाय."

माणूस सरळ आणि नियमांचा भोक्ता. एकदा चर्चमध्ये कम्युनियनच्या रांगेत एक गृहस्थ मधेच घुसले, तेव्हा अँथनींनी त्यांना खांद्याला धरून अलगद मागं नेऊन उभं केलं. ते नेमकं पॅरिशमधलं मोठं प्रस्थ होतं. पुढच्या रविवारी फादरनी प्रवचनात रांगेच्या शिस्तीचा उल्लेख केला, पण कोणाचं नाव घेतलं नाही. घुसणाऱ्याचं नाव घेतलं नाही हे अँथनींना पटलं. मागं नेणाऱ्याचं तरी घ्यायला हरकत नव्हती, असं त्यांना वाटून गेलं.

अशा माणसाला अनुष्का भेटली, हा योगच म्हणायचा.

अनुष्का विरारच्या मनवेलपाड्यातली. मुंबईतल्या एका संस्थेत नोकरीला. ही संस्था 'विधिराज्य मंच' नावाच्या एका मोठ्या जाळ्यातली. मंचाची मुख्य कचेरी युरोपात आणि सभासद संस्था पेरूपासून नेपाळपर्यंत. सगळ्यांचं काम एकच. राज्य माणसाचं नसावं, कायद्याचं असावं, आणि कायदा सांगणाऱ्यालाही तो तितकाच लागू असावा, हे लोकांना पटवून द्यायचं. अनुष्का हे सांगायला भुईगावच्या चर्च हॉलमध्ये आली तेव्हा गर्दी बरी जमली होती, कारण रेशन कार्डाचं शिबिर आहे अशी हूल कोणीतरी उठवली होती. ती खोटी निघाल्यावर हॉल रिकामा झाला. अँथनी मात्र पहिल्या रांगेत बसून राहिले.

"म्हणजे मंत्र्यालाही रांग?" त्यांनी विचारलं.

"हो काका. बेसिकली तेच."

"पेरूमध्येसुद्धा?"

"तिथंही आपले पार्टनर काम करतायत."

आपण हयातभर जे एकट्यानं केलं, ते करणारी माणसं जगभर पसरली आहेत, हे ऐकून अँथनींना भरून आलं. त्याच दिवशी ते मंचाचे भुईगावातले 'न्यायमित्र' झाले. मग दर रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर त्यांच्या घराबाहेरच्या ओटल्यावर सभा भरू लागली.

या ओटल्याविषयी नीट सांगायला हवं. वसईच्या वाड्यांमधून बायका भाजीच्या, फुलांच्या टोपल्या डोक्यावर घेऊन पहाटे बाजाराला जायच्या, त्या काळी वाटेवरच्या घरांनी ओटला बांधून ठेवायची रीत होती. टोपली क्षणभर टेकवावी, मान मोकळी करावी, पाणी प्यावं आणि पुढं निघावं. अँथनींची आईही तशीच बाजाराला जायची. पुढं अँथनींनी घराला गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घातला तेव्हा तो हद्दीच्या दोन हात आत घातला आणि बाहेर राहिलेल्या आपल्या जागेत आईच्या नावानं ओटला बांधला. त्यावर फरशीचा तुकडा बसवला, 'वाटसरूंसाठी'. लोक हद्दीच्या बाहेर हातपाय पसरतात आणि मी माझ्यातली जागा गावाला दिली, हे ते कोणाला सांगत नसत. म्हणजे विचारल्याशिवाय सांगत नसत. पण कोणीतरी विचारावं अशी वेळ ते रोज एकदा आणत.

टोपल्या गेल्या, टेम्पो आले. ओटल्यावर टेकायला भारा राहिला नाही. पण प्रिसिलाबाईंच्या डाव्या अंगावरून वारं गेलं, आणि ओटल्याला पुन्हा माणूस मिळालं. काठी टेकत टेकत त्या फाटकाबाहेर तेवढ्या येऊ शकतात, पुढं नाही. गडगा उंच, त्यामुळं आत बसलं की चिकूचं झाड आणि आकाश. बाहेर ओटल्यावर बसलं की अख्खी गल्ली. पाचूबंदरची म्हावरंवाली आधी त्यांच्यापुढं मासळीची पाटी उतरवते. शाळेतून येणारी पोरं त्यांना निकाल सांगतात, नापास झालेली आधी सांगतात. कोणाच्या घरी कोणाचं बोलणं चाललंय, कोणाचा जावई रुसलाय, हे त्यांना घरबसल्या, म्हणजे ओटलाबसल्या कळतं. नवऱ्याची सभाही त्यांच्या बाजूलाच भरते. त्या वाटाणे सोलत ऐकतात आणि मधेच एखादा शेरा मारतात, आणि सभेला आलेले बरेचसे लोक त्या शेऱ्यांसाठीच येतात, हे एक न्यायमित्र सोडून सगळ्यांना ठाऊक आहे.

एके वर्षी सभेत विषय निघाला गल्लीचा. गल्ली आधीच अरुंद. त्यात एका घराची पायरी बाहेर, दुसऱ्याची मोरी, तिसऱ्याची तुळस, चौथ्याचा कट्टा. टोकाच्या घरातल्या म्हाताऱ्या ब्रिटनी आजी पडल्या तेव्हा रुग्णवाहिका आत येईना. आजींना खुर्चीत बसवून चौघांनी नाक्यापर्यंत नेलं. आजी वाचल्या. उलट, लग्नानंतर पहिल्यांदाच अशी वरात निघाली म्हणून खूष होत्या. पण अँथनी खवळले.

त्यांचा रोख जॅक्सनवर होता. समोरचा जॅक्सन बोटीवर नोकरीला. सहा महिने समुद्रात आणि सहा महिने घराला काहीतरी चिकटवण्यात. त्यानं दाराला संगमरवरी पायऱ्या केल्या होत्या, आणि मोटारीसाठी पत्र्याचं छप्पर, ते थेट गल्लीवर.

"अंकल, गाडीला ऊन लागतं ना," तो म्हणाला.

"तुझ्या गाडीला ऊन लागू नये म्हणून ब्रिटनी आजी खुर्चीत?" अँथनींनी विचारलं. "कायदा सर्वांना सारखा. मोजणी करू. होऊन जाऊ दे."

त्यांनी गल्लीच्या मोजणीसाठी रीतसर अर्ज केला. सभेत ठराव झाला: मोजणीत ज्याचं जे बाहेर निघेल, ते त्यानं आपल्या हातानं काढायचं. ठरावाच्या बाजूनं पहिला हात अँथनींचा. त्यातच अनुष्का बातमी घेऊन आली की मंचाच्या युरोपातल्या एक बाई भारतात येताहेत, आणि गावपातळीवरचं काम म्हणून त्यांना भुईगाव दाखवायचं ठरलंय. अँथनींनी त्या दिवसापासून दाढी रोज करायला सुरुवात केली.

मोजणीदार आले. बरोबर यंत्र, फीत, आणि लाल रंगाचा डबा. जॅक्सनच्या दारापुढं त्यांनी रेघ मारली. छप्पर सगळं बाहेर, पायऱ्यांतल्या खालच्या बाहेर. अँथनींनी मान डोलावली, पण मिशीतलं हसू आवरलं. कायद्याला हसू शोभत नाही. पुढं त्याच्या शेजारणीच्या, जिजाच्या घराची मोरी बाहेर निघाली. मग मोजणीदार गल्ली ओलांडून अँथनींच्या फाटकाशी आले. प्रिसिलाबाई ओटल्यावर बसल्या होत्या.

"मावशी, जरा पाय वर घ्या."

त्यांनी पाय वर घेतले. मोजणीदारांनी दोनदा मापलं. मग ते ओटल्याच्या मागं वाकले आणि गडग्याच्या पायाला चिकटून लाल रेघ ओढली.

"रेघ मागं कशी काय?" अँथनींनी विचारलं. "हद्द पुढं आहे. गडगा मी दोन हात आत घातलाय."

"गडगा बरोबर हद्दीवर आहे साहेब. ओटला बाहेर आहे."

"किती?"

"सगळाच."

प्रिसिलाबाईंनी वाकून मागची रेघ बघितली.

"म्हणजे मी कुठं बसलेय?"

"रस्त्यावर, मावशी."

"बघा," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आणि माझा बाप लग्नाच्या वेळी म्हणायचा, पोरीला रस्त्यावर बसवशील तर याद राख."

लोक हसले. अँथनी हसले नाहीत. ते त्या फरशीच्या तुकड्याकडे बघत होते. ऐकीव हद्दीवर विश्वास ठेवून त्यांनी गडगा घातला होता. आईच्या नावानं, आपल्या पोटाला चिमटा काढून गावाला दिलेली जागा गावाचीच होती. गावाचीच वस्तू गावाला भेट देऊन आपण इतकी वर्षं उपकार मिरवले, हे त्यांच्या डोक्यात हळूहळू उतरत होतं.

दोन दिवस चहाची आरोळी आली नाही. तिसऱ्या दिवशी माणसं यायला लागली.

आधी जॅक्सन आला. हातात बोटीवरच्या चॉकलेटचा डबा.

"अंकल, तुमच्या ओटल्याला कोणी हात लावणार नाही. हेरिटेज आहे तो. आमचं सगळ्यांचं ठरलंय."

मग जिजा आली. वर्षानुवर्षं भाजी विकलेली, खरखरीत आवाजाची बाई. "अंतोन, मना सांग, आईच्या नावाचा ओटला कोन तोडतो? आमी हाव ना तुझ्यासंगती." पाठोपाठ तुळसवाले आले, कट्टावाले आले. सगळ्यांचं म्हणणं एकच: नियम सर्वांना सारखा, पण कंट्रोलरची गोष्ट वेगळी.

अँथनी विरघळले. संध्याकाळी ते बायकोला म्हणाले, "गावाचं प्रेम बघितलंस?"

"बघितलं. ऐकलंही."

"काय ऐकलंस?"

"मी ओटल्यावर बसते, कंट्रोलरसाहेब. मी कानांनाही वारं गेल्यासारखी बसते, म्हणून लोक माझ्यापुढं मोकळं बोलतात. तुमचा ओटला राहिला तर जॅक्सनचं छप्पर राहतं. छप्पर राहिलं तर जिजाची मोरी राहते, मोरी राहिली तर तुळस. तुमच्या ओटल्याच्या आडोशाला अख्खी गल्ली उभी आहे."

"म्हणजे प्रेम नाहीच?"

"आहे की. प्रेम आहे आणि मोरीपण आहे."

अँथनींना झोप लागेना. त्यांनी बचाव रचायला घेतला. ओटला सार्वजनिक उपयोगाचा आहे. जुन्या रीतीतला आहे. सद्हेतूनं बांधला आहे. युरोपातल्या बाई विचारतील तेव्हा हे सांगायचं, म्हणून त्यांनी ते आरशापुढं म्हणून बघितलं. आवाज चांगला लागला.

"सद्हेतू जॅक्सनचाही आहे," आतून आवाज आला. "गाडी काळी पडू नये."

शेवटी त्यांनी अनुष्काला बोलावलं. ती स्कूटर लावून ओटल्यावर टेकली, मग लाल रेघ दिसली तशी उठून उभी राहिली.

"बस गं," प्रिसिलाबाई म्हणाल्या. "अजून तुटलेला नाही."

"अनुष्का, तू सांग," अँथनी म्हणाले. "तुमच्या मंचाच्या नियमांत अशा प्रसंगी काय करतात?"

अनुष्का ओढणीशी चाळा करत राहिली. "काका, मी काय बोलणार? आमच्या बिल्डिंगलाच ओसी, म्हणजे राहायचा सरकारी दाखला, नाहीये. पप्पांनी फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरनं कसले कसले पेपर्स दाखवले, आम्ही सत्यनारायण घातला, राहायला गेलो. आता कळतंय की काहीच लीगल नाहीये. रोज सकाळी मी त्याच घरातून निघते आणि जगात कायद्याचं राज्य आणायला जाते."

"मग झोप लागते?"

"लागते. थकलेली असते ना."

अँथनींना हे उत्तर फार प्रामाणिक वाटलं, पण उपयोगाचं नव्हतं. ती गेल्यावर ते बायकोशेजारी बसले. खरं म्हणजे ओटला त्यांचा नव्हताच, गावाचाही नव्हता. तो प्रिसिलाचा होता. तो गेला तर त्यांची एक सभा जाणार होती, पण तिची सगळी गल्ली जाणार होती. हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि सद्हेतूच्या सगळ्या भाषणात त्यांनी नेमकं हेच कुठं घातलं नव्हतं.

"तुला काय वाटतं?" त्यांनी विचारलं.

"मला ओटला हवाय," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? मेल्यावर स्वर्गात नेतील तेव्हाही मी विचारणार आहे, रस्ता दिसेल अशी जागा आहे का."

"मग राहू दे."

"राहू दे म्हणायला सोपं. पण रेघ मारल्यापासून तुम्ही माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघत नाही, माझ्या मागं बघता. आणि रविवारी सभेत कोणाला काय सांगणार? आवाज तरी निघेल का तुमचा?" त्यांनी काठी जवळ ओढली. "फोडा. पण मला गुपचूप आत बसवून नाही. नोटीस दिल्याशिवाय कोणाला उठवू नये, हे तुम्हीच सांगता ना? मग मला रीतसर उठवा."

शनिवारी सकाळी अँथनी इस्त्रीचा शर्ट घालून फाटकाबाहेर आले. ओटला फोडायला गडी बोलावला होता, तो घण घेऊन एका बाजूला उभा. गल्ली दारादारांत जमली होती. अँथनींनी घसा साफ केला.

"प्रिसिला तुस्कानो, ही जागा रस्त्याची आहे. ती मोकळी करावी लागेल. तुमची काही हरकत असेल तर सांगा."

"हरकत आहे," प्रिसिलाबाई म्हणाल्या. "ऐकून घ्या. आणि आता हात द्या, उठवत नाही मला."

त्यांनी हात दिला. बाईंना उठवून फाटकापर्यंत नेलं. पहिला घाव त्यांनी स्वतः घातला, तो चुकून फरशीवर न बसता शेजारच्या दगडावर बसला. फरशीचा तुकडा गड्यानं न सांगताच आधी हळूच काढून बाजूला ठेवला.

जिजा कमरेवर हात ठेवून बघत होती. "अंतोन, आता मी टोपली कुठं टेकवायची?"

"जिजा, तुझी भाजी टेम्पोतून जाते."

"जाते. पन टेकवायचं ठिकान असलं म्हंजे मानेला बरं वाटतं."

दुपारपर्यंत ओटला गेला. आणि संध्याकाळपर्यंत गल्लीतलं प्रेमही गेलं. लोकांना आता निमित्त उरलं नव्हतं. "स्वतः मोठा झाला, आम्हाला लहान केलं," तुळसवाले म्हणाले. रविवारी सभेला कोणी आलं नाही. यायला जागाही नव्हती म्हणा.

पण ठराव झालेला होता आणि ठरावाला हात वर गेलेले सगळ्यांनी बघितले होते. धुसफुसत का होईना, कामं सुरू झाली. तुळस अंगणात गेली. मोरी आत वळली. जॅक्सननं छप्पर उतरवलं आणि संगमरवरी पायऱ्या काढल्या. त्यांच्या जागी त्यानं चाकांवरची लाकडी पायरी केली. मोजणीदार, पाहुणे किंवा अँथनी दिसले की ती आत ओढायची, एरवी बाहेर. ती सोय इतकी सुबक होती की आठवड्याभरात गल्लीत तशा बऱ्याच पायऱ्या झाल्या. भुईगावात कायद्याचं राज्य आलं ते असं, चाकांवर.

युरोपातल्या बाई आल्या तेव्हा गल्ली लखलखीत मोकळी होती. त्यांची मोटार थेट ब्रिटनी आजींच्या दारापर्यंत गेली. आजी हिरमुसल्या, आता खुर्चीतून कोणी नेणार नाही म्हणून. बाईंनी अनुष्काकरवी अँथनींना विचारलं, "लोकांनी नियम मनापासून मान्य केला का?"

अँथनींना खोटं बोलता येत नाही. त्यांनी पायरी ढकलून, ओढून दाखवली. अनुष्का ओशाळून जमिनीकडे बघत राहिली. बाई मात्र पोट धरून हसल्या. आमच्या शहरात पायरीला चाकं नसतात, वकील असतात, असं काहीसं त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "या सगळ्यात तुमचं नुकसान काय झालं?"

"माझं काही नाही," अँथनी म्हणाले आणि फाटकाकडे बोट केलं. "तिचं झालं."

फाटकाच्या आत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर प्रिसिलाबाई बसल्या होत्या. फाटकाच्या गजांतून त्यांना गल्लीची एक चिंचोळी पट्टी दिसत होती: जॅक्सनचं दार, खांब आणि रस्ता. माणसं त्या पट्टीतून आली तशी गेली, अर्धवट. पहिले काही दिवस सगळी तशीच गेली, माना वळवून. कंट्रोलरशी अबोला होता, तो त्याच्या फाटकालाही लागू झाला होता.

अबोला मोडला तो म्हावरंवालीनं. ती पाचूबंदरची, तिला गल्लीच्या रुसव्याफुगव्याशी देणंघेणं नव्हतं. तिनं पाटी फाटकासमोर उतरवली आणि रस्त्यातच बसकण मारली. "बाय, तू आत का गो? तुरुंगात टाकलं का कंट्रोलरनं?" तिचं हसणं ऐकून जिजा बाहेर आली. बोंबील घ्यायचं निमित्त झालं. मग तुळसवाल्यांची सून आली. तिला तिच्या सासूविषयी सांगायचं होतं, आणि ते प्रिसिलाबाईंशिवाय सांगण्यात अर्थ नव्हता. शाळेची पोरं आली. जॅक्सन आला, पायरीवरून उतरला आणि पायरी बाहेरच विसरला.

आता रोज संध्याकाळी तिथं घोळका असतो. बसायला काही नाही म्हणून लोक उभे राहतात, फाटकाला टेकतात, गजांतून आत वाटाण्याच्या शेंगा देतात-घेतात. ओटला होता तेव्हा माणसं कडेला बसायची. आता ती गल्लीच्या मधोमध असतात. नाक्यावरून रिक्षा येते आणि अडकते. रिक्षावाला भोंगा वाजवतो. कोणी हलत नाही, कारण सुनेची गोष्ट ऐन रंगात आलेली असते.

अँथनी व्हरांड्यात अस्वस्थ होतात. मोजणीत पायरी येते, मोरी येते, ओटला येतो. उभ्या माणसाला लाल रेघ मारता येत नाही. एका संध्याकाळी त्यांना राहवेना. चपला घालून ते फाटकापर्यंत आले, श्वास भरून घेतला आणि तोंड उघडलं. तेवढ्यात प्रिसिलाबाईंनी मागं न बघताच हात वर केला.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या. "सासू काय बोलली, तेवढं ऐकू दे."

अँथनी थांबले. रिक्षावाल्यानं भोंगा बंद केला, इंजिन बंद केलं, आणि तोही ऐकायला उतरला.